एक बोट वर

प्रिय दादा,

‘बोलू नकोस, तुझं रडगाणं नको, काय ते लिहून दे,’ असं तू दाराआडून ओरडलास, म्हणून तुझ्या दारासमोर पायरीवर बसून लिहितेय. कागद खालच्या टेलरच्या मापाच्या वहीचे आहेत. मागच्या बाजूला कुणाकुणाच्या कमरेची मापं दिसतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. एक पान भरलं की दाराखालून सरकवीन. तुला दोन गोष्टी हव्यात: तुझं दार कुणी तोडलं आणि तुझी बायको कुठे आहे. मला एकच हवीय, मागच्या खोलीत तू कोंडून ठेवलेली बबडी, धडधाकट. खरं कळलं तर पोरीला सोडीन म्हणालास. जिन्यात वर्दी दिसली तर सुरी तिच्या गळ्यावर असेल, असंही म्हणालास. सात वर्षांची पोर आहे रे ती, आणि तुझी आहे. जिन्यात वर्दी नाही. मी एकटी आहे. पहिलं उत्तर आधीच देऊन टाकते: दार मी तोडलं. टेलरनं नाही, आणि तुझ्या बायकोलाही त्यानं पळवलेलं नाही. ज्याला तू त्याच्याच गरम इस्त्रीनं डोक्यात हाणलंस, त्या माणसाला तुझ्या दाराचं काहीसुद्धा माहीत नव्हतं. तो दवाखान्यात पडलाय, आणि त्याच्या दुकानाच्या फरशीवर अजून रक्त तसंच आहे.

लाथ मारलीस, ऐकू आली. मार आणखी. तुटक्या दाराला आतून लावलेलं ते कपाट तुझंच आहे, त्यातला आरसाही तुझाच. पण तू पोरीच्या खोलीकडे वळलास असं मला नुसतं वाटलं तरी मी पेन खाली ठेवीन, मग बस बायको शोधत. तिथंच दाराशी बस. दिव्याचा उजेडही तिथंच आहे. पानं येतील तशी वाच आणि मध्ये मध्ये ओरडू नकोस, लिहिताना माझी ओळ चुकते. मी भेदरलेय असं समजू नकोस हं. मी इतकी चिडलेय की दात दुखायला लागलेत.

दार मी का तोडलं, ते सांगायचं तर मला कॉम्प्युटरच्या पडद्यांपासून सुरुवात करावी लागेल. हसू नकोस. मला वेड लागलेलं नाही. सगळं तिथूनच सुरू झालं आणि त्यात तुझाही हात आहे, वाचशील तर कळेल. आमच्या कंट्रोल रूममध्ये तीन टेबलं. अडचणीतल्या माणसाचा फोन आला की आम्ही पत्ता लिहून घ्यायचा, नकाशावर जवळची गाडी बघायची आणि ‘गाडी पाठवा’ हे बटण दाबायचं. माझ्या शेजारी मावशी बसते. ती कुणाचीच मावशी नाही, पण त्या खोलीत तिच्याइतकी जुनी खुर्चीसुद्धा नाही. पूर्वी प्रत्येकीपुढे एकच पडदा होता. मग वरच्यांना दया आली आणि त्यांनी प्रत्येकीला आणखी एक नवा, मोठा पडदा दिला. जुना डावीकडे, नवा उजवीकडे. नव्या पडद्यावर सगळं इतकं बारीक की अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, त्याला आम्ही मिस्त्री म्हणतो, त्यानं कुठंतरी जाऊन नव्या पडद्याचं माप दीडपट केलं. डावीकडचा एकपट, उजवीकडचा दीडपट. झालं, एका घरात दोन सासवा आल्या.

तू असले दोन पडदे वापरलेले नाहीस म्हणून सांगते. एखादी चौकट माऊसनं धरून डावीकडून उजवीकडे नेली की ती टम्म फुगायची, परत आणली की आक्रसायची. बाण मधल्या हद्दीवर अडायचा, कारण दोन पडद्यांच्या कडा एकमेकींना जुळत नव्हत्या. अक्षरं धुरकट दिसायची, वाफ धरलेल्या चष्म्यातून दिसतात तशी. दिवसभर त्या धुरकट अक्षरांकडे बघून आमची डोकी ठणकायला लागली. तिघींनाही वाटलं, आपले डोळे गेले. म्हणून आम्ही एकीमागून एक तुझ्या चष्म्याच्या दुकानात आलो. आठवतं ना? मावशीला तू मऊ खुर्चीवर बसवलंस, तिची हनुवटी दोन बोटांनी उचलून त्या यंत्रावर टेकवलीस आणि तिला म्हणालास की आजी नाही हं, ताई, तुमचे डोळे पोरीबाळींसारखे आहेत. ती लाजली होती. नंतर आठवडाभर ती तुझेच गोडवे गात होती, काय तो मऊ हात, काय ते बोलणं, तुझा भाऊ म्हणजे अगदी लोणी. मीसुद्धा मान डोलवत होते. माझा भाऊ म्हणजे मला मिरवायचीच गोष्ट होती.

आणि तूच आम्हाला सांगितलंस की डोळ्यांत काही दोष नाही, दोष पडद्यांच्या मापांत आहे. एका डोळ्याला एक नंबर आणि दुसऱ्याला भलताच दिला तर माणूस आंधळा होईल नाहीतर वेडा, असं म्हणालास. तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला म्हणावं, दोन्ही पडद्यांचं माप एक कर. मी ते मिस्त्रीला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, बघतो. आता मिस्त्रीचं ‘बघतो’ म्हणजे काय ते तुला माहीत नाही. त्याच्या ‘बघतो’ला पाय फुटायला ऋतू बदलावा लागतो. तोवर आम्ही आमचा इलाज शोधला.

तो इलाज नीट वाच. आमचा गाड्या पाठवायचा प्रोग्रॅम जुना. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता की नव्या पडद्यावर सगळं दीडपट झालंय. म्हणून बटण दिसायचं एका जागी आणि लागायचं दुसऱ्या जागी. ‘गाडी पाठवा’वर बरोबर मधोमध दाबलं तर काहीच व्हायचं नाही. त्याच्या एक बोट वर, कोऱ्या वाटणाऱ्या जागेत दाबलं की गाडी निघायची. पहिले दोन दिवस आम्ही रडकुंडीला आलो, मग हात बसला. नवीन मुलगी आली की मावशी तिला पाणी कुठे मिळतं ते सांगायच्या आधी हेच सांगायची: दिसतं तिथं नसतं, एक बोट वर. मग त्याची खोलीत म्हणच झाली. साहेब जागेवर नाहीत? एक बोट वर असतील. कुणाच्या लग्नाचा मुलगा फोटोत बरा दिसतो? दिसतो तिथं नसतो, एक बोट वर बघ. खूप हसायचो. पुढे पुढे आपण बटणाच्या वर दाबतोय हे आम्हाला कळेनासंही झालं. हातालाच ते ठाऊक, डोक्याला नाही. प्रत्येक वेळी ‘नक्की?’ विचारणारी एक चौकट यायची, तीही अर्धी या पडद्यावर, अर्धी त्या पडद्यावर. ती कोण वाचतंय! एन्टर मारायचा आणि पुढचा फोन घ्यायचा.

काहीतरी फुटलं आत. काच वाटली. तुझ्या हाताला लागलं असेल तर फडकं बांध. बबडीला हाक मारून बोलावू नकोस, ती घाबरलेली आहे, तिला तिथंच राहू दे. पुढचं पान घे.

काचेवरून आठवलं, तर तेही लिहूनच टाकते. वहिनी तुझ्या दुकानात चष्मा घ्यायला आली आणि लग्न ठरवून गेली, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. मी होते त्या दिवशी दुकानात. तू तिच्या नाकावर फ्रेम ठेवलीस, कानामागचे केस इतके हळू बाजूला केलेस की मी आरशात बघून तोंड वाकडं केलं, आणि तिनं ते आरशातच पकडलं. काय हसली होती! दुकानाच्या बाहेर उभे असलेले लोक वळून बघायला लागले. लग्नानंतर तिचं ते हसणं कुठं गेलं, ते मी तिला विचारलं नाही असं नाही, पण ती म्हणायची, संसारात हसायला वेळ कुणाला आहे. आणि तिचे चष्मे! दर दोन-तीन महिन्यांनी नवी फ्रेम. काळी, लाल, बिनकाठांची. आम्ही तिला चिडवायचो, बाई, चष्मेवाल्याची बायको ती, तिला काय कमी, रोज नवा चष्मा. ती पदर सावरायची आणि म्हणायची, यांना हौस आहे. आज दुपारी तिच्या न्हाणीत गुडघ्यांवर बसून मी फरशीवरून एका फ्रेमची दांडी उचलली तेव्हा मला कळलं, तुला कसली हौस आहे ती. प्रत्येक नवा चष्मा म्हणजे तोंडावर एक ठोसा होता. फोडायचा तूच आणि मापाचा नवा करून द्यायचाही तूच. नाकावर अगदी हळू ठेवत असशील. मला ओकारी येते रे तुझ्या मऊ हातांची.

आता आजची दुपार. मिस्त्रीच्या ‘बघतो’ला आज पाय फुटले. आम्ही जेवायला गेलो होतो तेव्हा तो आला आणि त्यानं तिन्ही टेबलांवरचे पडदे सारखे केले, प्रोग्रॅमही नव्या मापाला जुळवला. बटण दिसेल तिथंच लागेल असं केलं. चांगलं काम केलं त्यानं, तूच सांगितलं होतंस तसं. जाताना साहेबांना सांगून गेला, साहेब फोनवर होते, त्यांनी मान हलवली आणि विसरले. आम्ही परत आलो तर अक्षरं स्वच्छ, काळीभोर. मावशी म्हणाली, अगं बाई, माझे डोळे परत आले! ती हे बोलत असतानाच तिचा फोन वाजला. आणि ‘गाडी पाठवा’च्या एक बोट वर, जिथं इतके दिवस कोरी जागा होती तिथं, मापं जुळल्यावर दुसरं बटण सरकून आलं होतं. ‘खोटा कॉल’. पोरं गंमत म्हणून फोन करतात, त्यांच्यासाठी. ते दाबलं की फोन तुटतो आणि नोंद बंद होते.

फोन तुझ्या बायकोचा होता. न्हाणीचं दार लावून, नळ सोडून ती कुजबुजत होती. तिनं पत्ता सांगितला, नवरा मारतोय म्हणाली, आज सोडणार नाही म्हणाली. मावशीला आवाज ओळखीचा असायचं कारण नव्हतं. तिनं पत्ता लिहून घेतला, तुझ्या लाथेनं न्हाणीची कडी उचकटल्याचा आवाज ऐकला आणि तिला म्हणाली, बाई, धीर धर, गाडी निघाली. हे म्हणताना तिच्या हातानं रोजच्यासारखं केलं. एक बोट वर, मग एन्टर. फोन तुटला. मावशीला वाटलं, नवऱ्यानं हिसकावला. नवीन मुलगी असती तर तिनं बटणावरच दाबलं असतं. मावशीचा हात मुरलेला, म्हणून चुकला.

पुढचं मला वहिनीनं सांगितलं, तुटक तुटक. तिनं तुला सांगितलं की गाडी निघालीय, आता तू मला हात लावायचा नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा ती तुझ्यापुढे ताठ उभी राहिली, दादा, कारण एका अनोळखी बाईनं तिला शब्द दिला होता. तू थांबलासही. खिडकीतून खाली बघितलंस. एकदा बघितलंस, दोनदा बघितलंस, रस्ता मोकळा. मग तू हसलास. ‘कुठाय गं तुझी गाडी?’ म्हणालास. असं म्हणत तिचं डोकं बेसिनवर आपटलंस, आणि प्रत्येक वेळी तेच विचारलंस. ती पडली तेव्हा लाथांनी विचारलंस. मग हात धुतलेस, सदरा बदललास, दाराला बाहेरून कुलूप घातलंस आणि पोरीला आणायला शाळेत गेलास. शाळेच्या फाटकापाशी बाकीच्या आईबापांशी हसून बोललाही असशील.

मावशी नकाशाकडे बघत होती. आपली गाडी हलताना दिसेना, म्हणून तिनं मला विचारलं, अगं, माझी गाडी कुठाय? मी तिच्या पडद्यावर वाकून बघितलं. नोंद ‘खोटा कॉल’ म्हणून बंद झालेली, आणि खाली पत्ता. तुझी गल्ली, तुझी इमारत, तुझा मजला. मला वाटलं, मी चुकीचं वाचतेय. पण आज अक्षरं स्वच्छ होती ना. मी माझ्या टेबलावरून गाडी पाठवली, या वेळी बटणाकडे डोळे फाडून बघत दाबलं, आणि हेडफोन फेकून पळत सुटले. आमची कंट्रोल रूम तुझ्या घरापासून काही लांब नाही. गाडीच्या आधी मी पोचले. कुलूप बघितलं. गटाराचं काम करणाऱ्यांची पहार खाली पडली होती ती उचलली. तू मला लहानपणापासून ठेंगू म्हणतोस ना, त्या ठेंगूनं तुझी कडी चौकटीसकट उचकटली. माझ्या तळहातांची सालं निघालीत. अजून कुणी विचारलं तर सांग, दार माझ्या बहिणीनं तोडलं, आणि तू त्या दारात असतास तर तिनं तीच पहार तुझ्या डोक्यात घातली असती. देवाशप्पथ घातली असती.

ती न्हाणीत बेसिनखाली होती. नळ चालूच होता. पाणी लाल होऊन मोरीकडे चाललं होतं आणि त्यात तिचे दोन दात. उजवा हात कोपरापासून भलत्याच दिशेला. एका कानातलं ओरबाडून निघालेलं, पाळी फाटलेली. तोंड ओळखू येईना. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं तर केस माझ्या हातात आले, मुळासकट, झुपकेच्या झुपके. तिनं मला ओळखलं ते आवाजावरून. आणि माहितीये, पहिलं काय म्हणाली? गाडी आली का? मी म्हटलं, आली, वहिनी, आली. ती म्हणाली, त्या बाईनं सांगितलं होतं, येईल म्हणून. मावशीला हे मी अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू, तूच सांग. ती बिचारी खाली रस्त्यावर उभी आहे, स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती मघाशी. खाली दोन बायकांनी तिचे हात धरले तेव्हा कुठं थांबली.

तुझी शिवी ऐकली. तिला हवी तेवढी दे. तिला आता ती लागत नाही. जिथं तिला ठेवलंय तिथं थंड आहे, शांत आहे, तिला काही दुखत नाही. तिथं तू जाऊ शकणार नाहीस, म्हणून उगाच उठू नकोस, कपाटाला धक्के मारू नकोस. कुठे ते मी लिहिणार आहे. लिहीन म्हटलं ना? आता शेवटाकडेच आलेय.

गाडीत ती मध्ये मध्ये बोलत होती. बबडीच्या शाळेच्या बुटाचा बंद तुटलाय, नवा आणायचाय, असं दोनदा म्हणाली. बबडीला अंधाराची भीती वाटते, दिवा चालू ठेव म्हणाली. तुझ्याबद्दल काही म्हणाली का, ते तुला ऐकायचं असेल. म्हणाली. ते वाईट नाहीत हो, असं म्हणाली. तोंडातून रक्त येत असताना तिनं तुझी वकिली केली, आणि मी पहिल्यांदा तिच्यावर चिडले. गप्प बसा म्हटलं, वहिनी. त्याचं मला आता इतकं वाईट वाटतंय की काय सांगू.

मी मघापासून आठवतेय, तू असा कुठून झालास. बाबांनी आपल्याला कधी बोट लावलं नाही. आई तर मुंगीलाही बाजूला करून पाय टाकायची. तेव्हा घरावर ढकलू नकोस, घरानं तुला लाडच दिले. एक आठवतं. चेंडूवरून तू शेजारच्या पोराला कुंपणाशी धरून मारत होतास. तो खाली पडला, रडायचा थांबला, चेंडू तुझ्या हातात आला, तरी तू मारत होतास. मी ओरडले म्हणून थांबलास. आणि मग त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेलास, त्याच्या ओठाला औषध लावताना तूच फुंकर घालत होतास. सगळे म्हणाले, मुलगा रागीट आहे पण मनाचा किती चांगला. मला वाटतं तुला तेव्हाच कळलं की नंतर फुंकर घातली की सगळं चालतं. आज कुणाला फुंकर घालणार आहेस? टेलरची कवटी फुटलीय. त्याची बायको दवाखान्याच्या दारात बसून मला विचारत होती, यांनी तुमच्या भावाचं काय वाकडं केलं हो? तर तुझ्या बायकोचा गॅसचा सिलिंडर एकदा वर आणून दिला, हे वाकडं केलं. मी तिला काय सांगणार होते!

तुझा आवाज बंद झालाय. वाचतोयस ना? की रडतोयस? रडत असलास तर रड. मलाही रडू येतंय, पण माझ्या रडण्यात आणि तुझ्यात आता काहीच नातं नाही. सुरी हातात असेल तर खाली ठेव, पान धरायला दोन हात लागतात. तू विचारलेलं दुसरं आता लिहितेय. वही संपत आली, हे पान संपलं की एकच उरेल. ते भरते आणि देते. दाराशीच थांब.

हे घे शेवटचं. हे पान खालून निरोप आल्याशिवाय लिहायचं नाही, असं मी सगळ्यात आधी ठरवलं होतं. निरोप आला. बबडी खाली आहे, दादा. तू दाराशी बसून माझी पानं वाचत होतास तेव्हा अग्निशमनच्या लोकांनी मागच्या बाल्कनीला शिडी लावली आणि तिला उचलून खाली नेलं. एवढ्यासाठी मी हे एवढं लांबण लावलं. माझ्याकडून तुला चार ओळींत सांगून झालं असतं. पण तू वाचत राहशील तेवढाच वेळ तू दाराशी राहशील, एवढं एकच मला सुचलं. आता तुझं दुसरं उत्तर. वहिनी गेली. दवाखान्यात नेल्यावर थोड्याच वेळात गेली, माझा हात तिच्या हातात होता. तू टेलरला मारत होतास, तिला शोधून काढीन म्हणून दार बडवत होतास, तेव्हा ती शवागारात होती. आपण तिला मारून टाकलंय हे तुला आधी कळलं असतं तर तू पोरीचं काय केलं असतंस, मला माहीत नाही, आणि बघायची माझी हिंमत नव्हती. आता जिन्यात वर्दीतली माणसं आहेत, मी बाजूला होतेय. खाली गाडीत बसून बबडी विचारतेय, आई कुठाय? ते तिला मला सांगायचंय. तुला नुसतं दार उघडायचंय.

तुझीच,
ठेंगू